नत्थू प्रॉम्प्टरचं कात्रण

ओमप्रकाश दुबे सागरहून नागपुरात आले ते रेल्वेच्या नोकरीसाठी, आणि मराठी शिकले ते नाटकं पाहून. त्यामुळे भाजीवालीशीही ते नायकाच्या तोऱ्यात बोलत. पुढे एका मराठी दैनिकात त्यांनी पस्तीस वर्षं नाट्यपरीक्षणं लिहिली. ‘या हिंदीवाल्याला काय कळतं’ असं म्हणणारे नटही सोमवारी सगळ्यांत आधी त्यांचंच पान उघडत. कोणी सभागृहाला किंवा पेटीवाल्याला दोष दिला, की दुबेजी हसून म्हणत, नाचता येईना, अंगण वाकडं.

आता धरमपेठेतल्या घरी त्यांची मुलगी रीना या लेखांचं पुस्तक करत होती. चारशे बारा कात्रणं, आईने तारखा घालून वह्यांत चिकटवलेली. दुबेजींचा जीव सुखावला होता. फक्त एक कात्रण त्यांनी हळूच सोडवून खिशात घातलं, पण रीनाने पाहिलंच.

“हे का नको, बाबा?”

“माझं अज्ञान आहे ते.”

नागपूरजवळच्या कुही गावात धानकापणीनंतर झालेल्या एका नाटकावर त्यांनी १९८६ साली लिहिलं होतं : ‘प्रॉम्प्टर नत्थू यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मग नटांची गरजच काय?’ तिकडे प्रॉम्प्टर लपत नाही, हे त्यांना मागाहून कळलं. नाटक मंडळी एका हंगामात दहा-बारा नाटकं करते, तालमीला वेळ कुठला? प्रॉम्प्टरच मंचापुढे उघड बसतो आणि नटांना एकेक वाक्य सांगत अख्खं नाटक ओढून नेतो. पण तोवर छापून झालं होतं, आणि दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याची मान काही वाकेना.

“कात्रण काढून चूक मिटते काय?” रीना म्हणाली. “उद्या कुहीला जाऊ.”

नत्थू ऐंशीच्या पुढचा, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. दुबेजींनी नाव सांगताच तो आत गेला आणि तेच कात्रण घेऊन आला, लॅमिनेशन केलेलं.

“नत्थूभाऊ, मी तुमची थट्टा केली होती. माफी मागायला आलो.”

“थे माहीत आहे ना जी मले. दोन दिवस जेवलो नाही. मंग बायको म्हणे, काहून रडून राहिले? पेपरात नाव तं आलं! नटांयचं रोजच येते.” त्याने कात्रण धोतराला पुसलं. “पुस्तकातून काढू नका बरं.”

“नाही काढत.”

“आन् बाकीच्या प्रॉम्प्टरांयचं बी असनच ना त्यात?”

दुबेजींनी पस्तीस वर्षं मनात चाळून पाहिली. नायक होते, नायिका होत्या, एका फाटक्या पडद्यावर तर चांगला परिच्छेदभर मजकूर होता.

“नाही,” ते म्हणाले. “एकाचंही नाही.” त्या जुन्या थट्टेपेक्षा त्यांना याचीच जास्त लाज वाटली.

नत्थू मात्र त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग त्याचा चेहरा असा काही फुलला, की रीनालाही हसू आवरेना.

“एकाचं बी नाही?” तो हातातल्या शेंगा सांडत उठला आणि घराकडे तोंड करून ओरडला, “अवं, आयकलं का वं? साऱ्यांयत मी एकटाच!”