डावी बाजू मंदच

मंडळी, नव्या इयरफोनमध्ये गाणारीचा आवाज उजवीकडे सरकतो म्हणून मी तुम्हाला या ग्रुपवर किती छळलं! तुमच्या सल्ल्याने इयरफोनला बदलून लावायला आधी तांब्याची केबल घेतली, मग चांदीची. लखनौत कुठे मिळणार, दोन्ही कुरिअरने मागवल्या.

आज दुपारी आलमबागच्या घरी त्या आलटूनपालटून ऐकल्या. चांदीची जरा स्वच्छ वाजते, पण डावी बाजू मंदच.

बायको वैतागली. "अच्छा, मग डावा उजव्या कानात घालून बघा ना!"

उलटे घातले. नीट बसेनात, म्हणून बोटांनी दाबून धरले. दोष इयरफोनचा किंवा केबलचा असेल, तर आता उजवीकडे मंद वाजायला हवं होतं.

डावीकडेच मंद वाजलं.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"केबलच खराब आहे," मी म्हणालो.

यार, तुम्हीच सांगा, कानाला कुठली केबल लावतात?