विभावरीची पिंपं

"वास सहन होत नाही. शुक्रवारपर्यंत ही पिंपं इथून हलली नाहीत, तर मी घरमालकाशी बोलेन," शेजारचा अम्मार दारात उभा राहून इंग्रजीत म्हणाला. तो जॉर्डनचा, शाळेत गणित शिकवायचा, आणि कतारमधल्या समैस्मा गावातल्या त्या व्हिलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एकटा राहायचा. आवाज चढवणाऱ्यांतला तो नव्हे. म्हणूनच विभावरीला जास्त राग आला.

"कसला वास? माझा नवरा रोज झाकण उघडून बघतो. काही वास नाही. विचारा त्याला."

अम्मारने तिच्या मागे उभ्या असलेल्या सुरेशकडे पाहिलं. सुरेश चप्पल नीट करायला खाली वाकला.

"बोला मालकाशी. खुशाल बोला," असं म्हणून विभावरीने दार लावून घेतलं.

तिला स्वतःला वास येत नव्हता. कुठलाच येत नव्हता. कोविड होऊन गेला, ताप उतरला, खोकला गेला, पण नाक परत आलं नाही. नाशिकला माहेरी कुणाच्या घरी लोणच्याची बरणी उघडायची झाली तर आधी तिला हाक जायची, असं तिचं नाक. दोह्यातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, सवय करून घ्या. तेव्हापासून घरचे तिला जपायला लागले. दूध सुरेश हुंगायचा, गॅस बंद आहे की नाही तो पुन्हा पुन्हा बघायचा, आणि तिने काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: ठीक आहे.

पिंपांचं खूळ मांजरांमुळे शिरलं. गल्लीतली दोन मांजरं, डांबिस आणि खारीक, उन्हाळ्यात सावलीला म्हणून घरात आली ती राहिलीच. मग तिच्या लक्षात आलं, की पाहुणे आले की सुरेश आधी खिडक्या उघडतो. कतारमध्ये भर जुलैत, एसी चालू असताना, खिडक्या कोण उघडतं? कुणी काही बोललं नाही, पण तिला कळायचं ते कळलं.

वास न येता घाणीचं खत व्हावं म्हणून तिने वाचून वाचून विरजण लावावं तसे जंतू घरीच तयार केले. तांदळाचं धुवण बरणीत घालून, तोंडाला फडकं बांधून आंबू द्यायचं. मग त्यात दूध ओतायचं. दूध फाटून चोथा वर येतो, खाली पिवळसर निवळी राहते, तीच कामाची. गुळाऐवजी तिने त्यात खजुराचा पाक घातला. हे पाणी गव्हाच्या कोंड्याला चोळायचं आणि पिंपात मांजरांच्या घाणीचा किंवा भाज्यांच्या सालांचा एकेक थर पडला की त्यावर तो कोंडा पसरायचा. वरून घट्ट झाकण. मांजरांचं पिंप वेगळं, आणि त्यातलं खत कुंपणाच्या बोगनवेलीलाच, खायच्या भाजीला नाही, हा तिचा नियम. त्या वाळूत बोगनवेल तरारली, तेव्हा किती दिवसांनी तिला आपल्या हातून काही झालं असं वाटलं होतं. एकाची तीन पिंपं झाली ती त्यानंतर.

दार लावून ती स्वयंपाकघरात आली खरी, पण सुरेशचं ते वाकणं काही डोळ्यांसमोरून जाईना. साधी रबरी चप्पल. तिच्यात नीट करण्यासारखं होतं काय?

ती तडक मुलीच्या खोलीत गेली. "चैत्राली, खरं सांग. बाहेर घाण वास येतो?"

चैत्रालीने कानातला इअरफोन काढला. "आई, इट्स फाइन."

"चैत्राली."

पोरीचा चेहरा उतरला. "इट्स रिअली बॅड, आई. खूप दिवस झाले. बाबा सेड नॉट टू टेल यू."

सुरेश मागोमाग आलाच होता. "तुला वाईट वाटलं असतं गं," तो म्हणाला. "तू किती मन लावून करत होतीस. मला वाटलं, जाईल आपोआप."

"म्हणून त्या माणसाला माझ्याच दारात मी खोटं पाडलं?" विभावरी म्हणाली. "नाक गेलंय माझं, सुरेश. अक्कल नाही गेली. घाण आहे असं तू म्हणाला असतास तर मी ते उपसून टाकलं असतं. तू मला काही करूच दिलं नाहीस."

ती तशीच बाहेर पडली आणि अम्मारची बेल वाजवली.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "वास येतोय. मला माहीत नव्हतं, कारण मला वासच येत नाही."

अम्मार गडबडला. "सॉरी मॅडम, मला कल्पना..."

"सॉरी नको. मी हे सगळं आज पुरून टाकते. पण बंद करणार नाही. पुन्हा लावणार आहे, आणि तुम्ही येऊन वास घ्यायचा. घरचे खोटं बोलतात. तुम्ही नाही बोलणार."

"मॅडम, मी गणिताचा मास्तर आहे."

"मग बेरीज चुकली की सांगताच ना मुलांना?"

तो हसला नाही, पण म्हणाला, "इन्शाल्ला."

ऊन उतरल्यावर तिने कुंपणाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. सुरेश नाकाला रुमाल बांधून मदतीला आला आणि पहिलं पिंप कलतं झाल्याबरोबर ओकाऱ्या काढत मागे सरला. विभावरी नाकातोंडाला काही न बांधता फावडं चालवत राहिली. तिन्ही पिंपं तिनेच रिकामी केली. काय चुकलं तेही दिसलं: एसीचा बाहेरचा डबा पिंपांवरच गरम हवा फेकत होता, झाकणांचं रबर वाकडं झालं होतं, आत हवा शिरून सगळं सडलं होतं. काळी बुरशी तिला आधीही दिसत होती की! तिने मात्र नवऱ्याच्या नाकावर विसंबून ती मनावर घेतली नव्हती. हे आठवून तिला स्वतःचाही राग आला.

या वेळी बरणी घरात, थंडाव्यात आंबवली. झाकणांना नवं रबर बसवलं. पांढरी बुरशी चालेल, काळी नाही. आणि पिंपं सावलीच्या भिंतीला. अम्मार पहिल्यांदा आला तेव्हा हातभर लांबूनच वाकला, मग जरा जवळ गेला. "आंबट," तो म्हणाला. "माझी आई शलगमाचं लोणचं घालायची, साधारण तसा." विभावरीला शलगमाचं लोणचं माहीत नव्हतं. तिने त्याला तो वास नीट समजावून सांगायला लावला.

पण विभावरीने तोंडावर दार लावल्यावर अम्मारने केलेली तक्रार तोवर मालकाकडे पोचली होतीच. मालकाचा माणूस, नसरुद्दीन, एका दुपारी आला. "मॅडमजी, ये सब हटाना पडेगा. खलास."

विभावरीने झाकण उघडलं. "पहले सूंघो."

"बिल्ली का है, गंदा है..."

"सूंघो, फिर बोलो."

आवाज ऐकून अम्मार बाहेर आला होता; नसरुद्दीनने मदतीसाठी त्याच्याकडे पाहिलं. अम्मार म्हणाला, "तक्रार माझी होती. ती मी मागे घेतो. पण त्या म्हणतात तसं करा, आधी वास घ्या."

नसरुद्दीनने घेतला. नाक मुरडलं, पण मागे सरला नाही. "एक रखो," तो शेवटी म्हणाला.

"दो," विभावरी म्हणाली. "एक बिल्ली का, एक किचन का. मिलाना नहीं चलता."

तो फोनवर मालकाशी बराच वेळ अरबीत बोलला. मग हात झटकून निघून गेला. दोन राहिली.

नाक अजून आलेलं नाही. दूध फाटलं की सुरेश आता तसं सांगतो, सांगताना अजून अडखळतो. गेल्या महिन्यात अम्मार झाकण उघडून म्हणाला, "आज नाही. आज खराब आहे." विभावरी त्याच्याशी भांडली. पुन्हा हुंगायला लावलं. तो ऐकेना. मग तिने ते पिंप कोपऱ्यात नेऊन उपसलं, धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि आत येऊन नव्या बरणीसाठी तांदूळ धुवायला घेतले.