वाईन, भजी आणि शेजारचा म्हातारा

सून मला द्राक्षमळ्यातल्या वाईनच्या हॉटेलात घेऊन गेली. वाढणारी पोरगी सांगत होती, लालबरोबर मटण घ्या, पांढरीबरोबर मासळी. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं मिरचीचं भजं उचललं, तशी त्याची बायको म्हणाली, "ठेवा ते. रात्री जळजळलं की मलाच उठवाल." त्यानं तोंड वाकडं केलं. मला त्याचा असा राग आला, की उठून त्याची खुर्ची ओढावी.

माझी बायको जाऊन वर्ष झालं. मी प्यायला बसलो की ती शिव्या घालायची, आणि शिव्या घालतच पापड भाजून आणायची. कशाबरोबर काय खावं, हे कुणीही शिकवतं. खाऊ नका म्हणणारं एकच माणूस असतं.

मीही तीच भजी मागवली आणि सगळी संपवली. सून प्रेमानं म्हणाली, "आबा, अजून मागवू का?"