आधी कसारा बघा

“आधी कसारा बघा,” असं म्हणत सर स्वतःच्या पापणीवर बोट ठेवायचे. तेच बोट मग गळ्यावर यायचं, ते उंबरमाळी. मानेवर खर्डी. आणि शेवटी छातीवर थाप मारून आटगाव. मण्यार चावलेल्या माणसाचं अंग वरून खाली कसं लुळं पडत जातं, हे त्यांनी आम्हा शिकाऊ डॉक्टरांच्या डोक्यात असं चार स्टेशनांत बसवलं होतं. मधलं एखादं स्टेशन ते खुशाल गाळत. कुणी विचारलंच तर म्हणत, “विष फास्ट गाडीनं येतं.”

मण्यारीचं एक वाईट असतं. झोपेत चावते, दुखत नाही, सुजत नाही. माणूस सकाळी पोटात कळ आली म्हणून येतो आणि आपण त्याला पित्ताची गोळी देऊन मोकळे होतो. म्हणून सरांचा नियम होता, पोटदुखी पहाटेची आणि माणूस जमिनीवर झोपलेला असेल, तर पोटाला हात लावायच्या आधी पापणी बघायची.

आता गंमत बघा. ही रेल्वे धावायची कुठे, तर मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात, जिथं रुळाचा तुकडासुद्धा नाही. मी मुरबाडचीच. आम्ही एसटीची आणि जीपची माणसं. कसारा मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे सर विचारायचे आणि मी हटकून छातीला खर्डी म्हणायचे. सर कपाळाला हात लावत. “पोरी, मान धरायच्या आधीच तू पेशंटला पोचवलंस.”

आणि आम्हाला सगळं पाठ करायला लावणारा हा माणूस स्वतः पक्का विसरभोळा. चष्मा डोक्यावर ठेवून दवाखानाभर शोधायचा. एकदा तर राउंडला घरच्या बाईसाहेबांच्या चपला घालून आला. तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल, ज्याला जेवलो की नाही ते आठवत नाही, पण शिकवलेलं आपण मरेपर्यंत विसरत नाही.

एकदा सर मीटिंगसाठी कल्याणला गेलेले. सकाळीच टोकावड्याकडचं एक जोडपं लेकीला घेऊन आलं. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, पोट धरून वाकलेली. आईचं ठाम मत, रात्रीची सुकट बाधली. मलाही ते पटत होतं, सुकट कुणाला बाधत नाही? पेन उघडलं होतं मी. तेवढ्यात सरांचं ते बोट आठवलं. पोरीला वर बघायला सांगितलं. पापण्या निम्म्यावर येऊन थांबल्या. “झोप नाय झाली तिची,” आई म्हणाली. कुठे झोपली होती विचारलं, तर खाली, भाताच्या कणगीजवळ. नाव विचारलं, तर पोर नाकातून बोलली.

सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून सुरू केलं, श्वास द्यायचा फुगा उशाशी आणून ठेवला आणि सरांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, “गाडी कुठाय?”

“उंबरमाळी सुटली, सर.”

“आटगावला जाऊ देऊ नकोस. मी निघालो.”

माझं उंबरमाळी ऐकून बापाचा चेहरा उतरला. हात जोडून म्हणाला, “मॅडम, आमी तिकडचं नाय हो. टोकावड्याचं हाव.” हसावं की रडावं मला कळेना.

दुपारी खर्डी लागली. पोरीला उशीवरून डोकं उचलेना. सर जीपमधून उतरले ते थेट तिच्या उशाशी बसले आणि तिच्या छातीवरची नजर त्यांनी काढलीच नाही. श्वास उथळ होत होता, पण चालू होता. फुगा माझ्या हातात तयार होता. मी देवाला काय काय बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही. पण गाडी खर्डीला थांबली ती थांबलीच.

दुसऱ्या दिवशी पोरीनं मान उचलली. मग घोटभर पाणी गिळलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टक्क डोळे उघडून आईला म्हणाली, “आये, भूक लागली.” सर गडबडीनं डोळे पुसायला गेले आणि चष्मा कुठाय म्हणून शोधत बसले. डोक्यावर होता. मी सांगितलं नाही. शोधू दे म्हटलं, रडायला तेवढाच आडोसा.

सर निवृत्त होऊन लेकीकडे विदर्भात गेले. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे आणि बोटही तेच फिरवते.

परवा एका लग्नासाठी पहिल्यांदाच आसनगावहून कसाऱ्याला निघाले. डबा जवळजवळ रिकामा. आटगाव आलं आणि मी नकळत छातीभर श्वास घेतला. खर्डीला मान ताठ केली. उंबरमाळीला आवंढा गिळला. हा तर पोरीचा परतीचा रस्ता, हे तेव्हा लक्षात आलं आणि डोळे भरून आले.

समोरची बाई काळजीनं म्हणाली, “काय गो बाय, बरं नाय वाटत?”

“बरंय,” मी म्हटलं. “उतरायचं आलं. कसारा आलं.”