डायरेक्ट करून टाक

दर काही वर्षांनी आम्हा बांधकामवाल्यांना पुन्हा वर्गात बसवतात. यंदा एप्रिलमध्ये अमरावतीला विजेच्या नियमांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि मी अकोल्याहून कपाळाला आठ्या घालूनच निघालो. तीस वर्षं घरं बांधतोय, आता मला अर्थिंग शिकवणार? प्रमाणपत्र हवं होतं म्हणून गेलो, एवढंच. अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळी नऊलाच हवा तापलेली होती.

शिकवायला एक निवृत्त विद्युत निरीक्षक होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. पहिला दिवस कलमांत आणि तक्त्यांत गेला. मी मागच्या बाकावर खुशाल डुलक्या काढल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "कूलरमंधी पाणी भरताना चप्पल कोण कोण घालते?"

वर्ग हसला आणि सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. आमच्याकडे कूलरशेजारी रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला असतोच. पाहुणा आला तर त्यालाही सांगतो, हात लावायचा तर आधी चप्पल घाल.

"काहून घालता?"

"झिणझिण्या येतात न सर," पुढून कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे पत्र्यात करंट उतरते हे तुमाले माहीत आहे. अन् तुमी कूलर नाही दुरुस्त केला. चप्पल घेतली."

आता कोणी हसलं नाही. त्यांनी टेबलावरून मुठीत मावेल एवढा एक स्विच उचलला. आरसीसीबी. वीज कुठे गळायला लागली, माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, की हा क्षणात पुरवठा तोडतो. "हा घडीघडी पडते म्हणून कोणी कोणी डायरेक्ट करून टाकला?" म्हणजे स्विच टाळून वायर सरळ जोडली, असं त्यांनी विचारलं. "लाजू नका. तो बिघडला नव्हता. तो तुमाले सांगून राहिला होता."

एकही हात वर आला नाही. माझाही नाही.

बार्शीटाकळीला एका निवृत्त गुरुजींचं घर मी बांधलं होतं. नियमात होता म्हणून हा स्विच मीच बसवून घेतला होता. पहिल्याच उन्हाळ्यात गुरुजींचा फोन आला, "साहेब, कूलर लावला का घरातली लाइट जाते. उन्हाळा काढाचा कसा?" मी तेव्हा दुसरीकडे स्लॅबवर उभा होतो, डोकं तापलेलं होतं. वायरमनला फोन लावला आणि म्हणालो, "तो स्विच डायरेक्ट करून टाक." कूलर का गळतोय, हे बघायला त्याला सांगितलं नाही आणि मीही गेलो नाही. संध्याकाळी गुरुजींनी मुद्दाम फोन करून आभार मानले.

निरीक्षक बोलतच होते. "ओल्या अंगावर कधीकधी करंटचा डाग बी पडत नाही. घरचे म्हणतात, अटॅक आला. डॉक्टर बी मान हलवते."

गुरुजी गेल्या मे महिन्यात गेले होते. मी भेटायला गेलो तेव्हा मुलाने सांगितलं होतं, दुपारी कूलरपाशी पडलेले सापडले, बादली बाजूला उपडी झालेली, डॉक्टर म्हणाले हार्ट. गुरुजी घरात कधीच चप्पल घालत नसत. कूलर देवघराच्या खिडकीत होता. हे सगळं मी तेव्हा ऐकलं होतं, मान हलवली होती, चहा घेतला होता आणि घरी आलो होतो. एवढं शिकलेला माणूस मी, आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. की आलं होतं आणि मी येऊ दिलं नाही, हे आजही मला सांगता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी बॅग उचलली. दारातल्या माणसाने बजावलं, दुपारची सही राहिली तर प्रमाणपत्र मिळणार नाही. राहू द्या, म्हणालो.

बार्शीटाकळीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मुलगा घरीच होता. "या जी, अचानक?" म्हणाला. मी पाणीही न घेता कूलरपाशी गेलो. तोच कूलर, तीच खिडकी, आणि चालूच होता. पत्र्याला टेस्टर लावला तर लागलीच पेटला. मग मेन बंद करून बोर्ड उघडला. स्विच जागेवर होता, दिसायला शोभिवंत, आणि त्याच्या मागून दोन वायरी सरळ जोडून वर काळी पट्टी गुंडाळलेली होती.

मुलाला समोर बसवून मी सांगितलं. हा स्विच काय करतो, तो कोणी बंद केला, कोणाच्या सांगण्यावरून. गुरुजी कशाने गेले याची खात्री आता कधीच होणार नाही, पण मला जे वाटतं ते हे आहे, असंही म्हणालो. तो माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं होतं. आला असता तर बरं झालं असतं.

तो उघड्या बोर्डाकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी जेवून राहिलो होतो. कूलरचं पाणी संपलं. मीच बाबाले म्हणलं, बादलीभर टाकून द्या. वरीसभर मले वाटे का एवढ्या गर्मीत वजन उचलाले लावलं म्हणून त्याइचं हार्ट बंद पडलं." त्याने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आईनं बी तसंच धरलं आहे. तवापासून ती माह्यासंग धड बोलत नाही."

एक पाप घेऊन आलो होतो, इथे तेच पाप वर्षभर दुसराच कोणी वागवत होता.

"साहेब," तो म्हणाला, "हे आईले सांगा. आत्ताच सांगा."

त्याने हाक मारली. गुरुजींच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या, मला पाहून "कवा आले भाऊ?" म्हणाल्या आणि चहा ठेवायला परत वळल्या. मी त्यांना थांबवलं, बसायला सांगितलं. त्या बसल्या. मुलगा भिंतीशी उभा राहिला, आईकडे न बघता.

"वहिनी," मी म्हणालो, "याची काही चूक नाही. माही आहे."