दिवा केंद्राचा, धक्का राज्याचा

दीपगृहावर नोकरीला असलेल्या त्या माणसाला किनाऱ्यावरचे सगळे दिवेवाला म्हणत. चारी बाजूंनी समुद्र, मधे खडक आणि खडकावर हा एकटा. तरी पूर्वी बरं होतं. दर आठवड्याला सामानाची बोट यायची. महिन्यातल्या एका बोटीने बायको यायची, पुढच्या बोटीने परत जायची. मधले आठ दिवस दोघं मनसोक्त भांडायची.

मग एका वादळात बोट लागायचा धक्का निम्मा वाहून गेला. सामान दोरीने वर घेता येई. गुडघे धरलेल्या बाईला कसं घेणार? तिचं येणं बंद झालं.

दिवेवाल्याने खात्याकडे अर्ज केला. उत्तर आलं: दिवा केंद्राचा, धक्का राज्याच्या बंदर खात्याचा, तिकडे लिहावे. राज्याने कळवलं: धक्का आमचा खरा, पण त्यावर उतरणारी माणसं केंद्राची, दुरुस्ती त्यांनी करावी. आता बोला. घटना लिहिणाऱ्यांनी कोणता विषय कोणत्या सरकारचा याच्या याद्या अगदी चोख केल्या होत्या. बिचाऱ्यांना या माणसाची बायको ठाऊक नव्हती, एवढंच. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत झाली.

पण गडी चिवट. पत्रं लिहून लिहून त्याने खासदाराला भंडावून सोडलं, तेव्हा कुठे सभागृहात प्रश्न विचारला गेला. हा रेडिओला कान लावून बसलेला. मंत्री म्हणाले, "राज्याशी बोलून मार्ग काढू." तेवढ्यावर पठ्ठ्याने खोलीला नवा रंग दिला. तीन आठवड्यांनी मित्रपक्षाने पाठिंबा काढून घेतला, सरकारचं बहुमत गेलं, सभागृह बरखास्त झालं. मंत्री घरी गेले आणि आश्वासनही त्यांच्याबरोबर गेलं. दोष कुणाला द्यायचा? ज्याच्या मागे बहुमत नाही त्याने खुर्ची सोडायची, हा नियमच आहे आणि चांगला नियम आहे. केंद्रात नवे मंत्री येऊन स्थिरावतात तोच राज्याची निवडणूक लागली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वर्षाच्या रजेत तो पंधरा दिवस घरी जायचा. बायको, लेक, जावई, नात सगळे त्याला जपायचे. पाहुण्याला जपतात तसे. भांडायला कुणी नसलं की माणूस स्वतःशीच गोड बोलायला लागतो, आणि त्याला त्याचा भारी वीट आला होता. धक्का होऊ दे, मग सगळं पूर्वीसारखं होईल, असं तो मनाशी म्हणायचा.

राज्यांच्या वतीने बसणारं वरचं सभागृह मात्र कधी बरखास्त होत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या सदस्याने हा विषय लावून धरला आणि दोन्ही सरकारांना एका टेबलाशी बसवलं. काम निम्मं-निम्मं ठरलं. पाचव्या वर्षी धक्का उभा राहिला. दोघांची उद्घाटनं वेगवेगळ्या दिवशी झाली, हे सांगायला नकोच.

त्यानंतरच्या बोटीने बायको आली. कठडा धरून हळूहळू वर चढली. हातात एकच पिशवी, तीही हलकी. त्याने चहा केला, मुद्दाम साखर जास्त घातली, म्हणजे ती भांडेल. ती निमूट प्यायली.

"चांगला झालाय," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "अहो, परतीची बोट किती वाजता?"

"आजची चारला. पण तू तर आठ दिवस..."

"नातीला शाळेतून आणायला कोण जाणार?" ती समजुतीने बोलली. "आणि खरं सांगू का, तुमच्याशिवाय राहायचं शिकताना फार जड गेलं मला. आता ते मोडून पुन्हा पहिल्यापासून नाही व्हायचं माझ्याच्याने."

कुणाकडे अर्ज करावा, असा हा विषय नव्हता.

चार वाजता तो तिला सोडायला खाली गेला. धक्का पक्का बांधला होता. तिने कुणाचाही हात न धरता बोटीत पाय टाकला.