कापडी उंटाचा वास

जत्रा दिसायच्या आधी तिचा वास आला. गाडी लांब लावून आम्ही चालत होतो, जानेवारीतला वाळवंटी गारवा नुकता अंगाला लागत होता, पश्चिमेला धुळीत विरघळलेला केशरी प्रकाश अजून रेंगाळत होता, आणि अशा रमणीय सांजवेळेवर कुणीतरी खरकटं पाणी ओतावं तसा तो अंगावर आला: दहादा तापवलेलं तेल, करपलेली साखर, वितळलेलं चीज, हुक्क्याचा सफरचंदी धूर, आणि या साऱ्यावर सढळ हाताने फवारलेला ऊद. शी! मी तिथेच नाकाला रुमाल लावला.

मी नाकावर जगणारी बाई. इथे आखातात, जबल अली बंदराच्या एका गोदामात मसाल्यांची पोती उघडायची, मूठभर धने-जिरे तळहातावर चोळायचे, हुंगायचे आणि माल पास की परत ते सांगायचं, हे माझं चौदा वर्षांचं काम. कुबट, खवट, बुरसट यांतला भेद मला डोळे मिटून कळतो, आणि खरं सांगायचं तर या नाकाचा मला माजही आहे. हिच्या नाकावर बसायची माशीची टाप नाही, असं नवरा म्हणतो, आणि मला ते कौतुकच वाटत आलं आहे.

तरी दर हिवाळ्यात आम्ही मैत्रिणी या जत्रेला जातोच. अल बर्शात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारी सुजाता, अल नहदाहून ट्रॅफिकला शिव्या देत येणारी मेधा आणि यंदा तिच्यासोबत तिची आठ वर्षांची इरा. देशोदेशीचे मंडप, प्रत्येकाच्या दारावर प्लायवूडची कमान, आणि कमानीआड तीच ती अत्तरं, त्याच शाली, तोच सुकामेवा. खाण्याच्या गल्लीत तर जगबुडी उद्यावर आल्यासारखी माणसं खात होती. आम्हीही काय वेगळं केलं म्हणा! प्रत्येक टपरीवरचं काहीतरी घेतलं, एकेक घास चाखला, नाकं मुरडली आणि उरलेलं टेबलावर तसंच टाकून उठलो. पाठीमागे ते थिजत जाणारं अन्न पाहून मला आमचीच घृणा आली, पण हात धुतल्यावर गेली.

इथे हिंदीत कुणाची कुचाळकी करायची सोय नाही, ती टॅक्सीवाल्यापासून दुकानदार अरबापर्यंत सगळ्यांना समजते. म्हणून आम्ही निंदेसाठी मराठी राखून ठेवली आहे. समोरच्याच्या तोंडावर, हसतमुखाने, खुशाल बोलावं.

कारंज्यापाशी एक उंट मुलांना मिठ्या मारत होता. म्हणजे माणूसच, पण आपादमस्तक कापडी उंटात शिरलेला. बशीएवढे डोळे, लांबलचक पापण्या, आणि ओठांवर कायमचं शिवून टाकलेलं हसू. इरा धावत जाऊन त्याला बिलगली आणि तशीच मागे उडाली.

"यक, ममा! इट स्टिंक्स!"

मग काय, मी पदर खोचल्यासारखी पुढे झाले. दोन दीर्घ श्वास घेतले आणि खणखणीत आवाजात निकाल दिला, "घाम तर आहेच. त्याखाली कुबट स्पंज. आणि अगदी तळाशी काहीतरी आंबट, नासलेल्या ताकासारखं. हे पोतं असतं ना, तर मी दारातूनच परत पाठवलं असतं!"

सुजाताची हसून हसून पुरेवाट झाली. मेधा मात्र हसली नाही. लेकीचा फ्रॉक त्या कापडाला घासला होता, म्हणून ती तडक सुपरवायझरला शोधायला गेली.

तेवढ्यात उंटाच्या गळ्यातल्या जाळीतून, रत्नागिरीकडच्या हेलात, दबका आवाज आला, "ताई, वास मलापण येतोय हो. मघाशी आतच उलटी झाली."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आंबट. माझ्या नाकाने अचूक ओळखलं होतं. आत एक आजारी माणूस आहे हे त्या वासाने मला सांगितलं होतं आणि मी त्याचा विनोद करून मैत्रिणीला हसवलं होतं. संध्याकाळभर ज्या किळसेने मी जत्रेकडे पाहत होते, ती सगळी माझ्याकडे वळली.

"अहो, मग काढा ना ते डोकं आधी!"

"पोरांच्या देखत काढलं तर नोकरी खलास. साडेआठला ब्रेक आहे." तेव्हा सवासात झाले होते. "ताई, तेवढं कुणाला सांगू नका. बांधकामाची साइट बंद पडल्यापासून तीन महिने खोलीत बसून होतो. इथे आज चौथाच दिवस."

मेधा सुपरवायझरला घेऊन आलीच. त्याच्या स्वतःच्या अंगाला उदाचा असा दर्प होता, की त्याला शेजारी आग लागली तरी वास आला नसता. मेधाने बोट माझ्याकडे केलं, "इनको पूछिए. इनका तो काम ही सूँघने का है."

"मॅडम, स्मेल है?"

चौदा वर्षांत मी वासाबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. "नहीं तो," मी म्हटलं, "कुछ नहीं है. बच्ची को वहम हुआ होगा."

मेधाने माझ्याकडे पाहिलंही नाही. इराने मात्र पाहिलं. सगळ्यांत तीच एकटी सरळ, खरं बोलली होती.

"शुक्रन, मॅडम," सुपरवायझरने आभार मानले. मग उंटाकडे वळून, घाई करत, "यल्ला, मेन गेट! उधर भीड है."

क्षणभर मला हायसं वाटलं, अगदी पुण्य केल्यासारखं. माणसाची नोकरी वाचवली! उंट दहा पावलं गेला असेल नसेल, आणि माझ्या ध्यानात आलं की वास नाही म्हटल्यावर त्या दमट, आंबलेल्या कापडात आणखी सवा तास कोंडून घेण्याखेरीज त्याला गत्यंतर उरलं नव्हतं. त्याला बरं वाटत नाहीये, पाच मिनिटं बसू द्या, घोटभर पाणी द्या, हे साधं वाक्य माझ्या जिभेवर आलंच नाही. पास की परत, एवढंच मला येतं. मी त्याला पास केलं होतं.

आताही चार पावलं धावत जाऊन ते सांगता आलं असतं. मी नाकाला रुमाल लावून उभी होते.

गेटपाशी उंट अचानक थांबला, वळला, आणि ते शिवलेलं हसू घेऊन त्याची मान आमच्या दिशेने खोल वाकली. मुलांनी टाळ्या पिटल्या. तो माझे आभार मानत होता, की त्याला पुन्हा उमासा आला होता, हे तेवढ्या लांबून मला कळेना.